मागच्या डिस्कपेक्षा ब्रेकचा समतोल महत्त्वाचा

कारच्या मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक (फिरत्या डब्याला आतून घर्षणपट्ट्या दाबणारे) काढून डिस्क ब्रेक (फिरती चकती दोन्ही बाजूंनी पकडणारे) बसवल्यास गाडी हमखास कमी अंतरात थांबते, हे लेखातील विधान मला पटले नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम तीच चाके करतात. शिवाय ड्रममधील लायनर, म्हणजे या घर्षणपट्ट्या, चाकाच्या फिरण्यामुळेच अधिक घट्ट दाबले जातात, तर डिस्कला ही मदत मिळत नसल्याने तिला ब्रेक ऑइलचा जास्त दाब लागतो. त्यामुळे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलचा दाब निर्माण करणारा भाग) आणि मागच्या ब्रेककडचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह तसाच ठेवून केवळ डिस्क व कॅलिपर (डिस्क पकडणारा चिमटा) बसवले, तर मागचे ब्रेक एक तर कमी लागतात किंवा, कॅलिपर मोठे असल्यास, मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होतात, आणि पहिल्या पावसाने निसरड्या झालेल्या मुंबईच्या पूर्व द्रुतगती मार्गावर अशी गाडी गरकन फिरू शकते.

हिंदमातासारख्या ठिकाणच्या साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर ड्रम सुकायला वेळ लागतो, हा लेखातील मुद्दा मात्र रास्त आहे. मीही पावसाळ्यात अशा वेळी हलकेच ब्रेक दाबत काही अंतर सावकाश जातो. परंतु हँडब्रेकचा लेखात साधा उल्लेखही नसावा, ही गंभीर उणीव आहे. निवडलेल्या कॅलिपरला हँडब्रेकची केबल जोडण्याची सोयच नसेल, तर बहुमजली वाहनतळाच्या चढावर गाडी कशाच्या भरवशावर उभी करायची, हे लेखकाने कृपया सांगावे.