अंगठी माझी, बोट माझं, मत काकूंचं

साखरपुडा तोंडावर आलाय. हिरा घ्यायचा आणि छोटाच घ्यायचा, इथपर्यंत आमचं दोघांचं एकमत होतं. राहिला प्रश्न तो बसवायचा कसा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीत सेल्समननं ट्रे पुढं सरकवला. ‘हे चार प्रॉंग, हे सहा, हे बेझल.’ प्रॉंग म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या बारीक नख्या. मी चार प्रॉंगची उचलली. खड्यात चहूबाजूंनी उजेड शिरतो, खडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. आमच्या बजेटला तेवढाच आधार.

‘ती ठेव खाली.’

शेजारच्या खुर्चीत जोडवी घालून बघत बसलेल्या काकू. ना ओळख ना पाळख. त्यांनी माझा हात ओढून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. ‘भाकरी थापतीस का?’

मी ऑडिटचं काम करते, असं काहीतरी पुटपुटले.

‘मग कणीक तरी मळशील की. पीठ जाऊन बसतंय बघ ह्या फटीत. आणि शालूच्या जरीत अडकून ह्यातलं एक वाकलं, की खडा गेला. माझ्या जावेचा असाच गेला. मोरीची जाळी उचकटली, केराची गाडी थांबवली, भडंगाचा डबा चाळणीनं चाळला. दीर अजून तिला म्हणतोय, तूच माहेरी पोचवलास.’

सेल्समनही फितूर. ‘काकू बरोबर बोलतायत मॅडम. बेझलमध्ये सोन्याची पट्टी खड्याला कडेनं धरून असते, टवका उडत नाही.’

हिऱ्याचा टवका? ओरखडा पडत नाही म्हणे, पण कडेवर नेमका फटका बसला तर उडतो. हे हिरा दाखवताना कुणी बोललं नव्हतं. बेझल दाखवताना आठवलं, कारण त्याला सोनं जास्त लागतं आणि घडणावळ सोन्यावर टक्क्यानं. एवढं ऑडिट मलाही जमतं.

सहा प्रॉंगची फॅशन न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीनं 1886 साली आणली. तेव्हा तिकडं जोंधळ्याच्या भाकरीचा विचार झाला नसावा.

होणारा नवरा मोबाइलवर सोन्याचा भाव बघत होता. ‘तुला आवडेल ते घे,’ म्हणाला, मान वर न करता. याची नोंद घेतली आहे.

शेवटी सहा प्रॉंग. एखादा वाकला तरी बाकीचे पाच खडा धरून ठेवतील. पावती हातात आली, तिच्या मागं बारीक अक्षरांत: ‘वापरात खडा पडल्यास दुकान जबाबदार नाही.’ मग इतका वेळ सुरक्षिततेवर प्रवचन कसलं चाललं होतं? वर तोंडी सूचना, दर सहा महिन्यांनी प्रॉंग तपासून घ्या. म्हणजे खडा माझा, जीवाला घोर माझ्या, घडणावळ तेवढी त्यांची. तिच्यात काही कमी करा म्हटलं, तर ‘फिक्स आहे मॅडम.’

काकूंनी जोडवी काउंटरवर ठेवली. ‘ह्यांची अंगठी कुणी खपवली रे? माझी मजुरी सोड.’

त्यानं सोडली.