गोव्याच्या गोदींभोवतीची ‘परदेशी भिंत’: एक प्रतिवाद

जहाजबांधणीची आंतरराष्ट्रीय मानके म्हणजे पाश्चात्त्य देशांनी भारतीय गोदींना बाहेर ठेवण्यासाठी घातलेली भिंत आहे, भारतीय मानके असताना त्यांची गरज नाही आणि मांडवी-जुवारीच्या काठी बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका, बांधणाऱ्यांना तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही, असा मजकूर सध्या वास्को परिसरातील व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. त्यामागचा वैताग समजतो. युक्तिवाद पटत नाही.

आधी पाश्चात्त्यांविषयी. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत जहाजांची मानके ठरवणाऱ्या ‘टीसी ८’ या तांत्रिक समितीचे सचिवालय चीनकडे आहे, आणि जगात बांधल्या जाणाऱ्या टनभारापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तिघांच्या गोदींतून बाहेर पडतो. या मानकांच्या प्रती विकत घ्याव्या लागतात आणि लहान गोदीला तो खर्च टोचतो, ही तक्रार मात्र रास्त आहे.

‘भारतीय विरुद्ध आंतरराष्ट्रीय’ ही मांडणी तर मुळातच चुकीची आहे, कारण आयएसओमध्ये भारताच्या वतीने बसणारी संस्था म्हणजे आपलाच भारतीय मानक ब्यूरो होय. १९७५ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग’ ही आपली वर्गीकरण संस्थाही (म्हणजे जहाजाची बांधणी नियमांनुसार आहे का, हे तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाची, म्हणजे आयएसीएसची, सदस्य आहे.

मानक म्हणजे नुसता कागद, असे ज्यांना वाटते त्यांनी बंदरात लागलेल्या एखाद्या मोठ्या मालवाहू जहाजावर ठेवलेली एक फ्लँज, म्हणजे नळ जोडण्याची पोलादी चकती, पाहावी. जहाजाला आग लागून त्याचे स्वतःचे पंप बंद पडले, तर किनाऱ्यावरचे पाणी जहाजाच्या आगविरोधी नळांत सोडावे लागते. पण मुरगावचा होज आणि कुठल्याशा दूरच्या गोदीत बांधलेल्या जहाजाचा नळ यांची तोंडे जुळणार कशी? म्हणून सोलास या जहाजांच्या सुरक्षेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ५०० टनभार आणि त्याहून मोठ्या जहाजावर ही जोडणी ठेवावीच लागते. तिचा बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३२ आणि १६ मिलिमीटरचे चार बोल्ट, ही मापे जगभर एकच असतात. बोल्टांची भोके काठापर्यंत उघडी कापलेली असतात, जेणेकरून धुरात चाचपडणाऱ्या माणसाला बोल्ट भोकात ओवत बसावे लागू नये, बाजूने सरकवला की झाले. यात कोणी कोणाला बाहेर ठेवले, हे त्या मजकुराच्या लेखकाने सांगावे.

राहिला बार्जचा मुद्दा. केवळ नदीत फिरणाऱ्या बार्जला सोलास लागू होत नाही, तिच्यासाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. तेवढ्यापुरते लेखकाचे म्हणणे खरे. परंतु गोव्याच्या गोदींनी बार्जपाशीच थांबायचे असे कोणी ठरवले? गोवा शिपयार्डने श्रीलंका आणि मॉरिशससाठी गस्ती जहाजे बांधली आहेत, आणि खासगी गोदींनी युरोपातील मालकांना मालवाहू जहाजे दिली आहेत. अशा कामात क्लासचा, म्हणजे वर्गीकरण संस्थेचा, सर्व्हेअर पोलादाच्या प्लेटवर ठोकलेला हीट नंबर (पोलादाच्या त्या ओतणीचा क्रमांक) कारखान्याच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. प्लेट कापली की उरलेल्या तुकड्यावर तोच नंबर पुन्हा ठोकून घ्यावा लागतो. ते राहून गेले, तर चांगले पोलादही त्या जहाजात वापरता येत नाही, आणि हा नियम कोरियातल्या गोदीलाही चुकलेला नाही.