नकाशावर पाणी दिसतंय, मामांचा मळा दिसत नाही

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय, एकदा कोयना आणि काळम्मावाडी धरणांचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या सुरू झाल्या की मग कुणालाच बसून वाचायला वेळ नसतो. जरा मोठं झालंय, पण निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग भागातल्या लोकांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी पुण्यात नकाशाचं काम करतो, जीआयएस म्हणतात ते. गाव दूधगंगेच्या काठावर, सदलग्याजवळ. ऑगस्ट २०१९ ला महापूर आला तेव्हा मी पुण्यातच अडकलो होतो, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर, अलीकडं कोल्हापूरजवळ पंचगंगेचं, गावाकडं जायला वाटच नव्हती. नुसतं टीव्हीसमोर बसून जीव तुटत होता, म्हणून युरोपच्या सेंटिनेल-१ सॅटेलाईटचा डेटा उतरवून घेतला (फुकट मिळतो, कुणालाही) आणि रात्रभर जागून आमच्या पट्ट्याचा पुराचा नकाशा केला. सकाळी मामांना फोन लावला आणि म्हटलं, मामा, तुमच्या मळ्याकडं पाणी दिसत नाही, काळजी करू नका.

मामा म्हणाले, "आरं, मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बोलतोय की तुझ्याशी."

ते वाक्य अजून कानात आहे. मामी जनावरांची वैरण माळ्यावर चढवत होत्या, मागनं म्हैस हंबरत होती, आणि माझ्या स्क्रीनवर तो मळा कोरडा ठणठणीत.

हे असं का झालं ते सांगतो, कारण दरवर्षी व्हॉट्सअॅपवर पुराचे निळे नकाशे फिरतात आणि लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. पुराच्या दिवसात आभाळ भरलेलं असतं, साध्या कॅमेऱ्याच्या सॅटेलाईटला वरनं नुसते ढगच दिसणार. म्हणून रडार लागतं. रडार स्वतः लहरी सोडतं, ढग असोत, पाऊस असो, रात्र असो, त्या खालपर्यंत जातात, आणि आपटून परत किती आल्या ते मोजलं जातं. सपाट पाण्यावर पडलेली लहर आरशावरच्या उजेडासारखी पलीकडं निघून जाते, सॅटेलाईटकडं परत येतच नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. पुराआधीचा फोटो आणि पुरातला फोटो शेजारी ठेवायचा, जिथं नव्यानं काळं झालं ते पुराचं पाणी. एवढं साधं आहे, आणि भातखाचरात, सोयाबीनच्या बुडालेल्या रानात, उघड्या मळीत ते चांगलं चालतं.

पण आपल्याकडं ऊस. ऑगस्टात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, ती वरच्या पाल्यालाच आपटून माघारी येते, खाली बुडख्यात चार फूट पाणी असलं तरी तिला पत्ता नाही. घरांचंही तसंच, भिंत आणि पाणी यांच्यात लहर दोनदा आपटून उलट जास्त चकाकते, मग गावठाणात पाणी शिरलेलं असूनही नकाशात कोरडं. म्हणजे माणसं जिथं राहतात आणि पोटाचं पीक जिथं उभं आहे, नेमकं तिथंच हा नकाशा आंधळा. त्यात एक सॅटेलाईट त्याच वाटेनं परत यायला १२ दिवस लागतात, तोपर्यंत पूर चढून उतरून जातो. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा निसार हा रडारचा सॅटेलाईट वर गेलाय, त्याच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची, ती पाल्यातनं खाली उतरते, त्यामुळं उसाखालचं पाणी आधीपेक्षा बरं कळेल अशी मला खरोखर आशा आहे. पण निसारलाही मामांचं नाव माहीत नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथं आहे.

त्या दिवशी पुढं काय झालं बघा. मामांचा मळा नदीपासनं लांब, पण ओढ्याला (आमच्याकडं वडा म्हणतात) लागून. नदी फुगली की ओढ्यानं पाणी उलटं चढतं हे आमच्याकडच्या पोरासोरांना ठाऊक आहे. आधी रस्ता बुडाला, घर कोरडं होतं, मग चारी बाजूंनी पाणी, मग घरात. बचावाची बोट गावात आली होती, पण त्यांच्याकडची यादी गावठाणाची. मळ्यातल्या वस्त्या त्यात नव्हत्याच. बोटीवरचे जवान लांबचे, त्यांना कन्नडही येत नव्हतं, मराठीही, त्यांना कुणी "खालच्या वड्याकडंची वस्ती" म्हटलं तर त्यांनी जायचं कुठं? शेवटी गावातल्या दोन पोरांनी गुऱ्हाळाची काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, पाण्यात लोटली आणि मामा-मामींना काढलं. मामांनी निघताना म्हशींची दावी कापली. चारातल्या दोन म्हशी तिसऱ्या दिवशी माळावर सापडल्या. बाकीच्या दोघींचं मामा आजही बोलत नाहीत.

म्हणून सांगतो, पाणी कुठवर आलं हा अर्धा नकाशा झाला. मदतीला जाणाऱ्याला दुसरा अर्धा लागतो, वस्ती कुठं, तिचं नाव काय, तिथं जायची वाट कुठल्या ठिकाणी पहिल्यांदा तुटते, जनावरं कुठल्या माळावर न्यायची. हैदराबादचं एनआरएससी, म्हणजे इस्रोचं सॅटेलाईट फोटोंचं केंद्र, सॅटेलाईटवरनं पुराचे नकाशे काढतं, मोठ्या आपत्तीत आंतरराष्ट्रीय कराराखाली परदेशी सॅटेलाईटचे फोटोही फुकट मिळतात, इस्रो स्वतः त्यात आहे. ते काम मोलाचं आहे. पण तिथं बसलेल्या माणसाला आपला वडा कसा उलटा चढतो ते कोण सांगणार, आपणच ना.

आणि आपल्या सीमाभागात नावांचा घोळ वेगळाच. एकसंबा घ्या, आपण एकसंबा म्हणतो, इंग्रजी पाटीवर त्याचं एक्झांबा होतं. येडूर कुठं यडूर, कुठं येदूर. एका गावाची तीन भाषांत तीन रूपं, आणि मळ्याला तर कागदावर नावच नाही, नुसता सर्व्हे नंबर. दूधगंगेच्या अलीकडं कर्नाटकात मलिकवाड, पलीकडं महाराष्ट्रात दत्तवाड, मधे बंधारा, पाणी दोन्हीकडं एकच, पण २०१९ ला माझ्याकडं आलेला एक नकाशा जिल्ह्याच्या हद्दीवर येऊन थांबला होता, पलीकडं पांढरा कागद. आता आमचे अर्धे पाहुणे त्या पांढऱ्या कागदावर राहतात! भाषेचं भांडण कुणाला जे करायचं ते करू दे, बोटीतल्या माणसाला मात्र तिन्ही नावं समोर दिसली पाहिजेत यावर मी ठाम आहे.

हे करता येतं, आणि आपल्या पोरांना करता येतं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा आहे, त्यात कुणीही भर घालू शकतं, एकाच जागेला मराठी, कन्नड, इंग्रजी अशी वेगवेगळी नावं देता येतात. २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या सॅटेलाईट फोटो बघून तिथले रस्ते त्यावर काढले आणि मदतीला गेलेल्या पथकांनी तोच नकाशा वापरला. आपल्याला तर घरबसल्यासुद्धा करायचं नाही, मोटारसायकलवर बसून दोन रविवारचं काम आहे. एकच काळजी घ्या, माणसांची नावं आणि फोन नंबर त्यावर टाकू नका, वस्तीचं, मळ्याचं नाव बास.

मागच्या दिवाळीत मी मामांना घेऊन फिरलो. मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा आहेत, तिथनं सुरुवात केली, प्रत्येक खुणेची उंची मोजली, फोटो घेतले. पुढं मामा चालत होते आणि मी मोबाईलवर टिपत होतो. एका बाभळीजवळ थांबले, म्हणाले हितनं पुढं ट्रॅक्टरबी जात न्हाई, पयलं हितं तुटतंय. मी नेहमीच्या सॅटेलाईटवरनं शंभर वेळा ती जागा बघितली होती, मला ती बाभळ कधी दिसली नव्हती. दिवस मावळेपर्यंत २३ वस्त्या झाल्या, त्यातल्या ९ उसाच्या मधोमध. मग मामाच म्हणाले, पलीकडच्या दत्तवाडकरांच्या बी घाल की रं, पाणी काय थांबतंय व्हय तिथं.

तर आता कारदगा, भोज, बारवाड, कुन्नूर, जत्राट, भिवशी, मांजरी, अंकली, कल्लोळ, उगार, कुडची, जिथलं जिथलं कुणी हे वाचत असेल त्यांनी कर्नाटकी बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) आत आपापल्या गावच्या मळ्यांची नावं, वाट कुठं तुटते ती जागा आणि जनावरांचा माळ एवढं मला मेसेज करा. नकाशात कसं घालायचं ते मी फोनवर शिकवतो, रोज रात्री ९ नंतर मोकळा असतो. छापील प्रती दोन काढायच्या, एक पंचायतीत पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावर आणि एक देवळात, पुरात वीज आणि रेंज दोन्ही जातात.