"वही पाठ करून घेतली की झालं": जुना पुणेकर यांना उत्तर

'जुना पुणेकर' साहेब, तुमची कमेंट वाचली. कॅटेकिस्टांच्या, म्हणजे चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्यांच्या, ट्रेनिंगवर मी जी पोस्ट टाकली त्यावर तुमचं म्हणणं असं की मोठ्या माणसाला बाप्तिस्म्यासाठी तयार करायला ट्रेनिंग कसलं, प्रश्नोत्तरांची वही पाठ करून घेतली की झालं, ही सगळी अमेरिकेची फॅडं, फादर असताना बाकीच्यांची लुडबुड कशाला, आणि वर "बाईंनी आधी एक तरी माणूस तयार करून दाखवावा". पटलं नाही तर तसं सांगा ना, 'बाईंनी' कशाला मध्ये? पोस्ट कुणा काकांनी लिहिली असती तर असंच लिहिलं असतंत का? स्वतःचं नाव लपवायचं आणि दुसऱ्याची लायकी काढायची, ही कुठली रीत.

एक मान्य, पोस्टमध्ये इंग्रजी शब्द फार झाले होते. स्क्रूटिनी, मिस्टॅगॉजी वाचून कुणाचंही डोकं उठेल. तेवढं तुमचं बरोबर.

आता वही. वहीचं मला सांगूच नका, कारण आमच्या ह्यांनी बाप्तिस्मा घेतला तो लग्नानंतर. कोथरूडचं हिंदू घर, लग्न बिशप हाऊसची परवानगी काढून झालेलं. शिकवायला जे मास्तर होते ते भला माणूस, रविवारी मिस्सा झाली की चर्चमागच्या खोलीत बसायचे, वही उघडायची, "संस्कार किती?" "सात." "पुढचा प्रश्न." ह्यांचं पाठांतर जबरदस्त, धडाधड उत्तरं, मास्तर खूश. आणि त्याच दिवसांत ह्यांना रात्री झोप नाही, कारण घरी गणपती बसणार, हे थोरले, आरतीला उभं राहायचं का, ताट कुणी धरायचं, आईला काय सांगायचं. मास्तरांनी घरी कोण कोण असतं एवढंसुद्धा कधी विचारलं नाही, आणि ह्यांना वाटायचं आपण विषय काढला तर बाप्तिस्माच लांबणीवर पडेल, म्हणून तोंड बंद. सगळं बाहेर निघालं ते आमच्या किचनमध्ये, माझ्यावर. मी जन्माची कॅथलिक, मी काय कपाळ सांगणार? मास्तरांना तरी कुणी शिकवलं होतं की आधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं असतं! पण सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून माणूस तयार झाला, हे मला तुम्ही तरी पटवू नका.

म्हणून ट्रेनिंगमध्ये आम्ही पहिलं हेच करून घेतो. एकाने नवीन आलेला माणूस व्हायचं, दुसऱ्याने कॅटेकिस्ट, आणि पहिल्या भेटीत पुस्तक पिशवीतून काढायचं नाही. नवीन माणूस म्हणतो, "मी नगरकडचा, आमचं चर्च सीएनआय, म्हणजे प्रोटेस्टंट, आता कॅथलिक व्हायचंय." की लगेच समोरचा बाप्तिस्म्याची तारीख सांगायला लागतो! अहो त्याचा झालाय बाप्तिस्मा, पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, तो आपण मानतो, परत देत नाहीत. त्याने श्रद्धा जाहीर करायची, मग दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर). आणि कुणाचा आधी घटस्फोट झालाय, दुसरं लग्न आहे, ते सुरुवातीलाच फादरांच्या कानावर घालायचं, ईस्टर तोंडावर आल्यावर नाही. हे तुमच्या वहीत कितव्या पानावर आहे?

अमेरिकेचं म्हणाल तर मोठ्यांची टप्प्याटप्प्याची तयारी परत सुरू करा हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये सांगितलं, विधी रोमने १९७२ मध्ये काढला, आणि गरज पडली तर काही वर्षं लागली तरी चालतील हेही त्यातच आहे. कॅटेकिस्ट म्हणजे लुडबुड असेल तर ते रोमला सांगा, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्येच कॅटेकिस्टचं काम चर्चची रीतसर सेवा म्हणून जाहीर केलं. बाकीच्या मुद्द्यांवर टाइप करत बसायला मला वेळ नाही.

'एक तरी माणूस' म्हणालात, पण कुणाकुणाबरोबर बसले त्यांची नावं मी इथे टाकणार नाही, ती त्यांची खाजगी गोष्ट आहे. आणि आमच्या सिस्टरांबद्दल तुम्ही शेवटी जे लिहिलं होतं तेवढं मी उडवलंय. परत टाकलंत तर परत उडवेन, बाकी काय भांडायचं ते खऱ्या नावाने भांडा.