टक्के बसत नाहीत म्हणे

"टक्के बसत नाहीत." घरात कोणी दिव्यांग असेल तर हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या टेबलासमोर उभं राहून ऐकलेलं असणार. 40 टक्के दिव्यांगत्व बसलं तर निराधार योजनेचा महिन्याचा पगार, एसटीची सवलत, नोकरीतली राखीव जागा. 39 बसले तर घरी जा. एका टक्क्यावर माणसाचं जगणं अडतं, आणि तो टक्का ठरतो सिव्हिल हॉस्पिटलमधल्या बोर्डाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीच्या दिवशी. बाहेर व्हरांड्यात माणसं सकाळपासून ताटकळलेली, काठ्या, कुबड्या, कडेवरची मोठी मोठी मुलं, आणि आत एकेकाला जेमतेम पाच मिनिटं. माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आधी हिशेब सांगते, कारण तो समजावून सांगायची तसदी तिथे कोणी घेत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्के. एक कान ठार बहिरा आणि दुसरा नीट असेल तर जेमतेम 17, कारण सूत्रात चांगल्या कानाला पाचपट वजन आहे. दोन व्यंगं असतील तर दोन आकड्यांची बेरीजही होत नाही. मोठा आकडा नव्वदातून वजा करायचा, उरलेल्याला धाकट्या आकड्याने गुणायचं, नव्वदाने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा ऊसतोडीला जाणारी बाई आहे, पायाचे 30 आणि कानाचे 10. तुम्हीआम्ही 40 म्हणू. सूत्र म्हणतं 37. तिला मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढता येत नाही, मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येत नाही, मुकादम उचल द्यायला तयार नाही. पण 37. तिला काहीही मिळणार नाही, आणि का मिळणार नाही हेही कोणी सांगणार नाही.

सूत्र असावं, मान्य. डॉक्टरांनाही काहीतरी धरून चालावं लागतं. पण मग 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काय लिहिलंय ते तरी वाचा. त्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या आहे: दीर्घकाळाचं शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांचं व्यंग, आणि त्याला समोरचे अडथळे येऊन मिळाले की ज्याला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, ती व्यक्ती. म्हणजे व्यंग आणि अडथळे, दोन्ही. बोर्डावर अडथळ्यांबद्दल कोणी एक प्रश्न विचारतं का? घरापासून एसटीचा थांबा किती लांब आहे, संडास घरात आहे का, सांभाळायला कोण आहे, आहे ती म्हातारी आई तर नाही? फॉर्मवर तसा रकानाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मुलाच्या मेडिकल प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की नुसत्या टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नका, तो माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ते तपासा. प्रकरण प्रवेशाचं होतं, हे खरं. पण 'माणूस बघा, आकडा नव्हे' हे तिथे लागू आणि पगाराच्या वेळी नाही, असं कुठलं शहाणपण आहे?

आता माझ्या भावाचं. धाकटा आहे. स्किझोफ्रेनिया. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सुरू झाला, त्याला दहा वर्षं कधीच उलटून गेली. औषधं चालू आहेत म्हणून आज तो घरात आहे, शांत आहे. पण स्वतःहून अंघोळ करत नाही. पाच वेळा सांगावं लागतं, मग आई पाणी काढते, मग तो मोरीत जाऊन तसाच उभा राहतो आणि आई बाहेरून "साबण लाव, पाठीवर पाणी घे" असं एकेक सांगत राहते. गॅस त्याच्या हाती देता येत नाही. दुकानात पाठवलं तर अर्ध्या वाटेत थांबतो. काम? एकदा ओळखीच्या गोडाऊनमध्ये लावला होता, मालकाने हात जोडून परत आणून सोडला.

बोर्डाच्या दिवशी आईने त्याला पहाटे उठवून न्हाऊ घातलं, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सरकारी दवाखान्यात माणूस नीटनेटका न्यावा, एवढंच तिच्या मनात. आत त्याला विचारलं, नाव काय, गाव कुठलं, आज वार कोणता, जेवलास का. त्याने चारही उत्तरं बरोबर दिली. मी बोलायला पुढे झाले तर "तुम्ही बाहेर थांबा ताई, पेशंटला बोलू द्या." संपलं. ऑनलाइन सर्टिफिकेट आलं ते 30 टक्क्यांचं.

मानसिक आजारासाठी जी मोजपट्टी वापरतात तिचं नाव आयडियाज. ती सरकारनेच अधिसूचित केलेली आहे. तिच्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, त्रास जितका जास्त तितके गुण जास्त. आजार किती वर्षांचा आहे त्याचे आणखी 4 पर्यंत. वीसपैकी 7 झाले की 40 टक्के सुरू होतात. माझ्या भावाचा आजार दहा वर्षांच्या वरचा, म्हणजे तिथेच 4. काम तो काहीच करत नाही, तिथे 3 तरी द्यालच ना? झाले की 7! अंघोळ, बोलणं, माणसं, हे सगळं अजून धरलेलंच नाही. मग 30 आले कुठून? आणि संताप अनावर होतो तो पुढच्या गोष्टीने. त्याच मोजपट्टीच्या सूचनांमध्ये लिहिलंय की मुख्य माहिती सांभाळणाऱ्या माणसाकडून घ्यायची, जुने कागद आणि पेशंटशी बोलणं जोडीला. ज्या माणसाला विचारायचं त्यालाच तुम्ही दाराबाहेर काढलंत. आईने पहाटे खपून घातलेली अंघोळ त्याची स्वतःची निगा म्हणून मोजलीत.

डॉक्टरांवर भार आहे, हेही मला दिसतं. ओपीडी तेच बघणार, वॉर्ड तेच बघणार, पोलिसांनी आणलेले पेशंट तेच बघणार आणि वर बोर्ड. मग माणसं वाढवा. बोर्डाचे दिवस वाढवा. 3 डिसेंबर 2022 ला देशातला पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला म्हणून आपल्या सरकारने केवढा गाजावाजा केला होता. त्या विभागाचं काय झालं ते मंत्रालयात दिसत असेल, बोर्डाच्या रांगेत दिसत नाही. तिथे आजही पंख्याखालच्या एका बाकड्यासाठी माणसं एकमेकांची विनवणी करतात.

टक्के बसले तरी सुटका नाही. सर्टिफिकेट तात्पुरतं असेल तर काही वर्षांनी पुन्हा बोर्ड. पगार चालू राहायला हयातीचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून त्रुटी. अंगठा उमटत नाही म्हणून त्रुटी. कुष्ठरोगाने बोटं झिजलेल्या माणसाला मशीनवर अंगठा लावायला सांगताना समोरच्याला काहीच कसं वाटत नाही? 2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर रान उठलं, आणि तेव्हापासून प्रत्येक दिव्यांग माणूस संशयित झालाय. खोटी सर्टिफिकेटं काढणारे आहेत, आणि त्यांना आत टाकलं तर सगळ्यात आधी टाळ्या आम्ही वाजवू, कारण ते आमच्याच ताटातलं ओरबाडतात. पण खोटं सर्टिफिकेट पैसे आणि ओळख असल्याशिवाय निघत नाही. ते काढणारा कधी व्हरांड्यात बसलेला मी तरी बघितला नाही. तपासणीचा वरवंटा फिरतो तो व्हरांड्यात बसलेल्यांवरच.

आणि एवढं सगळं कशासाठी? संजय गांधी निराधार योजनेत 2023 पासून महिना 1500 रुपये होते. दिव्यांगांना 1500, इतरांनाही 1500. आणि कायद्याचं 24वं कलम सांगतं की अशा योजनेत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त द्यायला हवेत. कायदा 2017 पासून लागू आहे. जून 2025 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं, राज्यभर आंदोलनं झाली, तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांना 2500 द्यायचा निर्णय घेतला. केंद्राची तऱ्हा तर त्याहून वाईट. त्यांच्या पेन्शनला 80 टक्के दिव्यांगत्व लागतं, नाव दारिद्र्यरेषेखाली लागतं, आणि हातात पडतात 300 रुपये. 2012 पासून 300. भावाची एका महिन्याची औषधं बाहेरून आणायची वेळ आली तर त्याच्या कितीतरी पट जातात.

निराधारला दिव्यांगाच्या घराची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50,000 आहे. महिन्याचे चार हजार दोनशेसुद्धा नाहीत. घरातलं एक माणूस नियमित रोजंदारीला गेलं तरी ही मर्यादा ओलांडते. म्हणजे खरं उत्पन्न सांगाल तर बाद व्हाल. मग दाखला काढून देणारा एजंट उभा राहतो, त्याचे पैसे वेगळे, आणि ज्या माणसाने आयुष्यात कोणाचा रुपया बुडवला नाही त्याला सरकार स्वतःच्या हाताने खोटं बोलायला लावतं. माझ्या आईने ते करायला नकार दिला. तिचा मला अभिमान आहे, आणि तिच्यावर ही वेळ आणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

गारपीट झाली की तलाठी बांधावर येऊन पंचनामा करतो. उभं पीक कसं होतं, आडवं किती झालं, शेतात उभं राहून बघतो. मग माणसाचा पंचनामा त्याच्या घरी येऊन करायला काय अडतं? आशाताई गावात आहे, तिला प्रत्येक घर माहीत आहे. तिच्यासोबत कोणीतरी सकाळी सातला आमच्याकडे येऊन तासभर मोरीबाहेर उभं राहा. नंतर द्या काय गुण द्यायचेत ते.

अपील टाकलंय. कायद्याच्या 59व्या कलमात अपिलाची सोय आहे, पण सर्टिफिकेट हातात देताना ते कोणी सांगत नाही. गुणांचा तक्ताही माहिती अधिकारात मागितलाय. तुमच्या घरातल्या माणसाचा बोर्ड होऊन गेला असेल तर तुम्हीही मागा. कुठल्या रकान्यात किती गुण दिले, आणि कोणाला विचारून दिले.