हौस कसली, भाऊ?

भाच्याचा बारावीचा निकाल लागला तेव्हापासून घरात एकच पालुपद: "ज्यात पॅशन आहे तेच कर, नाहीतर त्यात कधी मास्टर होणार नाहीस." सांगणारे कोण, तर पंचवीस वर्षं एकच खुर्ची उबवलेले आमचे नातेवाईक. असो.

मला हे पटत नाही. आमच्या अमळनेरकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नकार्याला मांडे करायला एक मावशी येतात. चुलीवर पालथं खापर, खाली लाकडांचा जाळ. पुरण भरलेली ती लुसलुशीत पोळी दोन्ही हातांवर फिरत फिरत कोपरापर्यंत मोठी होते आणि खापरावर पडते तेव्हा कुठे भोक नसतं. एकदा विचारलं, मावशी, हौसेने शिकल्या का? म्हणाल्या, "हाउस कसानी, भाऊ? पोट शे ना." पण एखादा मांडा फाटला की त्यांचा चेहरा बघा. पंगतीत कुणाला कळणारही नसतं, तरी तो बाजूला निघतो आणि त्या पुन्हा कणीक तिंबायला घेतात.

रावेरकडच्या माझ्या काकांचंही तसंच. केळीची बाग पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, लांबून पान पाहून करपा रोग ओळखतात. थंडीत पारा उतरला की निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, अडते, म्हणून रात्र रात्र बागेत धूर करत जागतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी कौतुकाने फोन केला, तर म्हणाले, "मानाचं राहू दे, भावाचं सांग." वावर विकायचं तर दर दिवाळीला काढतात. आवड कुठे शोधायची यात?

आणि आवड म्हणाल तर माझ्याकडे भरपूर. वीस वर्षं पेटी वाजवतोय, जीव आहे माझा तिच्यावर. अजून भजनात कोमल स्वर हुकतो. हुकला की मी हसतो, मंडळीही हसतात, पुढे चालू. तिथेच माझं घोडं अडलंय. आवडीने मला पेटीपाशी बसवलं, हे मान्य. पण चूक मला खुपतच नाही, आणि खुपल्याशिवाय हात सुधारत नाही. मावशींना खुपते.

भाचा म्हणतो, कॉमर्स आपल्याला आवडत नाही. परवा सरावाच्या ताळेबंदात सत्तर रुपयांचा फरक निघाला, तर पठ्ठ्या रात्री एक वाजेपर्यंत तो शोधत बसला होता. अकाउंट्सला शिव्या घालत.