‘रिकामी डिस्क दिली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, आमच्या गेमच्या दुकानाला दिलेला रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली "रिकामी डिस्क गळ्यात मारली, 90 जीबी डाउनलोड मागतोय, परत न्यायला गेलो तर घेत नाहीत". पोराच्या वाढदिवसाला गेम न्यायचा आणि रात्री बारापर्यंत टीव्हीवर नुसती डाउनलोडची पट्टी बघत बसायचं, माझंही डोकं फिरलं असतं.

पण डिस्क जुनी, वापरलेली म्हणून रिकामी नाही हो, सील तर तुमच्या पोराने आमच्या काउंटरवरच नखाने फोडलं. हल्ली काही गेमची डिस्क म्हणजे नुसती किल्ली, माल सगळा नेटवरून उतरवायचा. 2022 चा कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर टू घ्या, पीएस5 (प्लेस्टेशन 5, तुमचा गेम कन्सोल) च्या डिस्कवर जेमतेम 70 एमबी, सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारे व्हिडिओ त्याहून जास्त भरतील. 2025 चा डूम द डार्क एजेस, 85 एमबी. आणि पीएस5 च्या डिस्कवर 100 जीबीपर्यंत मावतं, त्यामुळे जागा नव्हती हे कारण मला तरी पटत नाही. डिस्क छापायला गेल्यावरही गेमवर काम चालू असतं म्हणून पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट येतो, ते ठीक, पण अख्खा गेमच नेटवर? 2018 ला रेड डेड रिडेम्प्शन टू पीएस4 वर चक्क दोन डिस्कमध्ये आलेला.

आता आमची चूक. इंटरनेट लागेल हे बॉक्सवर बारीक अक्षरात असतं, ते कोण वाचतंय, आमच्या काउंटरवरच्या पोराने तोंडाने सांगायला हवं होतं आणि घरी वायफाय आहे का हेही विचारायला हवं होतं, दोन्ही केलं नाही. तुम्ही हॉटस्पॉटवर चालवता, दिवसाला 2 जीबीचा पॅक, म्हणजे 45 दिवस, तोवर तुमच्या पोराची सहामाही उरकेल. कालच अशा सगळ्या गेमवर पुढच्या बाजूला ‘नेट लागेल’ म्हणून स्टिकर मारलेत.

सील फुटलेला गेम नवीन म्हणून विकता येत नाही, त्यामुळे पूर्ण पैसे परत जमणार नाही, ते बिलावरही छापलंय. पण गेम बदलून देतो, डिस्कवर पूर्ण असलेला, वरचे पैसे न घेता. किंवा हाच हवा असेल तर पीएस5 घेऊन या, वायरी आणू नका, इथल्या आहेत, आमच्या फायबरवर दोन-अडीच तासात उतरतो. नंतरही खेळताना डिस्क आत लागतेच, त्यामुळे मित्राला देऊन टाकू नका. कंटाळा आला की आम्हीच सेकंडहँडमध्ये घेऊ, डिस्क कुणाच्या अकाउंटला बांधलेली नसते, तेवढं तरी बरंय.

मंगळवारी दुकान बंद असतं. आणि यायच्या आधी कन्सोलमध्ये 100 जीबी मोकळी करून आणा, फक्त काय डिलीट करायचं ते पोराला विचारून करा, नाहीतर दुसरा रिव्ह्यू तो टाकेल.